चकवर नाव नाही, एक जॉ गायब: नवे जॉ मागवण्याआधी काय मोजायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लेथबरोबर ८ इंची थ्री जॉ चक (जॉब तीन जबड्यांत, म्हणजे जॉमध्ये, धरणारी पकड) आला. सोबत सरळ जॉ दोनच आहेत, तिसरा गायब, आणि उलट्या जॉचा, म्हणजे मोठ्या व्यासाचा जॉब धरायचा, संच नाहीच. चकच्या तोंडावर कंपनीचं नाव दिसत नाही, जॉवर ‘१’ आणि ‘३’ एवढेच आकडे आहेत. ऑनलाइन ‘२०० मिमी चकचे जॉ’ म्हणून तीनचा संच मिळतोय, तो मागवू का?

आत्ताच मागवू नका. चकचा व्यास २०० मिमी आहे एवढ्यावरून त्याचे जॉ ठरत नाहीत. एकाच व्यासाच्या दोन कंपन्यांच्या चकमध्ये जॉ ज्यात सरकतो त्या खाचेची रुंदी वेगळी असते, स्क्रोलचा (जॉ सरकवणाऱ्या आतल्या सर्पिल चकतीचा) पिच, म्हणजे दोन वेढ्यांमधलं अंतर, वेगळा असतो, कधी कधी स्क्रोलची दिशाही उलटी असते. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलमध्येही फरक सापडतो. त्यामुळे ‘हा चक कोणाचा’ हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी दुय्यम आहे. ‘या चकच्या खाचेत आणि स्क्रोलवर कोणत्या मापाचा जॉ चालेल’ हे आधी ठरवायला हवं. नाव सापडलं तर शोध सोपा होतो, पण माप घेणं त्यानंतरही चुकत नाही.

आणि तिसरा जॉ मिळेपर्यंत दोन जॉवर किंवा जोडतोड करून काम करू नका. तुटका जॉ वेल्ड करून चालवणारेही दिसतात. जॉ हार्ड केलेला असतो, वेल्डच्या शेजारची जागा ठिसूळ होते आणि ती ऐन कट चालू असताना तुटते. तोवर फोर जॉ चकवर काम करा.

आता ओळख पटवण्याबद्दल. चक लेथवरून उतरवा, पण बॅकप्लेट (चकला स्पिंडलशी जोडणारी मागची प्लेट) सोडवण्याआधी बॉडी आणि बॅकप्लेट या दोन्हींवर सेंटर पंचने समोरासमोर खूण करा, म्हणजे परत त्याच जागी बसेल. रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने खाचा साफ करा. मग टॉर्च तिरकी धरून बघा: तोंडावर दोन खाचांच्या मधली जागा, बाहेरचा घेर, पिनियनच्या (चावी लागते त्या गिअरच्या) भोकाशेजारी, खाचेची आतली भिंत आणि चकची पाठ. जुन्या चकवर नाव बहुतेक तोंडावर असतं आणि कोणी तरी कट मारून तोंड साफ केलेलं असेल तर तेच आधी जातं. घेरावरचा आकडा मात्र सहसा टिकतो. जॉच्या कुशीवर (बाजूवर) १-२-३ शिवाय आणखी एखादा चार-पाच आकडी नंबर असेल तर तो टिपून घ्या. तोच नंबर बॉडीवर असेल, तर ते जॉ कारखान्यात त्याच बॉडीत बसवून ग्राइंड केलेले आहेत, म्हणजे मूळचे आहेत. नंबर जुळत नसेल तर तुमच्याकडचे दोन जॉसुद्धा दुसऱ्या चकचे असू शकतात. मग त्यांच्यावरून माप घेणं धोक्याचं आहे, माप खाचेवरूनच घ्यायचं.

आपल्याकडच्या जुन्या लेथवर सहसा कोणते चक सापडतात? चेन्नईच्या गिंडी मशीन टूल्सचे, म्हणजे बाजारात ज्यांना जीएमटी म्हणतात ते. इंग्लंडचे प्रॅट बर्नर्ड, पोलंडचे बायसन, जर्मनीचे रोम. आणि अलीकडच्या काळात चिनी. चिनी चकवर ‘के११’ असा कोड असेल तर तो थ्री जॉ सेल्फ सेंटरिंग (सगळे जॉ एकदम सरकणारा), ‘के१२’ म्हणजे फोर जॉ सेल्फ सेंटरिंग, ‘के७२’ म्हणजे फोर जॉ इंडिपेंडंट (प्रत्येक जॉ वेगळा सरकणारा). रोमच्या चकवर ‘झेडजी’ म्हणजे बीडाची बॉडी आणि ‘झेडएस’ म्हणजे स्टीलची.

नाव अजिबात नसेल तर पाठीमागची मापं बरंच सांगतात. बॅकप्लेटवर बसणारा चक असेल तर पाठीमागच्या रजिस्टरचा, म्हणजे खोलगट बैठकीचा व्यास आणि बोल्टांचं पीसीडी (बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) मोजा. २०० मिमी चकमध्ये बैठक १६० आणि पीसीडी १७६ आलं तर तो युरोपीय डीआयएन (जर्मन मानक) मापाचा चक आहे. १६५ आणि १८० आलं तर के११ घराण्यातला, म्हणजे चिनी किंवा त्या मापावर बनलेला. दोन्ही न जुळता माप इंचात नीट बसत असेल, तर जुना ब्रिटिश किंवा अमेरिकन असण्याची शक्यता धरा. चावीचा चौकोनही मोजता येतो. १२.७ म्हणजे अर्धा इंच, ९.५ म्हणजे तीन अष्टमांश. पण पिनियनचा चौकोन वर्षानुवर्षं झिजलेला असतो, म्हणून मी तो पुरावा शेवटचा धरतो.

आता मापांकडे. इथे घाई करू नका, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

पहिलं, खाच. खाचेची वरची रुंदी मोजा. मग खाचेच्या दोन्ही भिंतींना जी कड असते, जिच्यावर जॉच्या कुशीतला गाळा (खोबण) सरकतो, तिची जाडी मोजा. चकच्या तोंडापासून त्या कडेच्या वरच्या बाजूपर्यंतची खोली आणि दोन समोरासमोरच्या कडांमधलं अंतर, हेही घ्या. शेवटी तोंडापासून स्क्रोलच्या माथ्यापर्यंतची खोली. खाच सगळीकडे सारखी झिजलेली नसते, तेव्हा रुंदी बाहेरच्या टोकाशी आणि मध्याजवळ अशी दोन जागी मोजा. दोन्हींत ०.१ मिमीहून जास्त फरक आला तर बॉडीच थकलेली आहे. नवा जॉ घट्ट टोकाला बसेल आणि सैल टोकाला डुलेल.

दुसरं, स्क्रोलचा पिच. जॉ काढून खाचेतून बघितलं की स्क्रोलचे कंगोरे दिसतात. एका कंगोऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून त्यापुढच्या चौथ्या कंगोऱ्याच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत, खाचेच्या मध्यरेषेवर व्हर्नियर लावा आणि चारने भागा. एकच पिच मोजून समाधान मानू नका. समजा तुम्हाला चार पिच मिळून ३२.०० मिळाले तर पिच ८ मिमी. ३१.७५ मिळाले तर पिच पाच सोळांश इंच. एका पिचमध्ये हा फरक जेमतेम ०.०६ मिमी आहे, व्हर्नियर धरण्याच्या चुकीत तो सहज लपतो. पण जॉचे चार-पाच दात एकाच वेळी स्क्रोलमध्ये बसतात, तेव्हा तो साठून पाव मिमी होतो. असा जॉ एक तर दोन दातांनंतर अडकतो, किंवा आत जातो पण सगळा भार एकाच दातावर येतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण जॉ ‘बसला’ असं वाटतं आणि दात नंतर तुटतो.

तिसरं, स्क्रोलची दिशा. चकचं तोंड तुमच्याकडे ठेवा, स्क्रोल घड्याळाच्या दिशेने फिरेल अशी चावी फिरवा आणि खाचेतून बघा. कंगोरे मध्याकडे सरकतात की बाहेर, ते लिहून ठेवा. खाचांवरचे १-२-३ आकडे घड्याळाच्या दिशेने आहेत की उलटे, तेही. दिशा चुकली तर दात जवळपास बसतात, पण तीन जॉ एकाच वेळी मध्यावर येत नाहीत.

चौथं, दाताचा आकार. तुमच्याकडच्या जॉचा मागचा भाग वर करून बघा. दात सरळ पट्टीसारखे नसतात, चंद्रकोरीसारखे वाकलेले असतात: बाहेरची बाजू फुगीर, मध्याकडची बाजू खोलगट. मध्ये जाड, टोकांना बारीक. याचं कारण स्क्रोलच्या गोलाईत आहे. स्क्रोलचा कंगोरा मध्याजवळ जास्त वळलेला असतो, घेराजवळ कमी. दाताची फुगीर बाजू सर्वांत लहान गोलाईत मावावी लागते आणि खोलगट बाजू सर्वांत मोठ्या गोलाईवर बसावी लागते, तरच जॉ आतपासून बाहेरपर्यंत अडकल्याशिवाय फिरतो. म्हणूनच अखंड जॉ फिरवून उलटा लावता येत नाही. तसं केलं तर फुगीर बाजू मध्याकडे येते आणि दात खाचेत शिरतच नाही. उलट्या कामासाठी वेगळा संच लागतो तो यामुळे. तुमचा संच हरवलेला नसून मागच्या मालकाकडे राहिलेला असू शकतो. ज्याच्याकडून लेथ घेतला त्याला एकदा विचारून बघा, कोपऱ्यातल्या डब्यात बऱ्याचदा सापडतो.

स्क्रोलचा ठसा घेऊन ठेवा. खाचेतून स्क्रोलवर हलकं ग्रीस लावा, एम-सील मळून बोटाने दाबा, घट्ट झाल्यावर सरळ वर उचला. दातांमधल्या फटीची रुंदी आणि खोली त्यावरून निवांत मोजता येते, शिवाय विकणाऱ्याला फोटो पाठवायलाही उपयोगी पडतो.

आता तुमच्या १ आणि ३ बद्दल. तिन्ही जॉचे दात एकमेकांपासून पिचच्या एक तृतीयांशाने सरकलेले असतात, कारण स्क्रोलचं टोक एका खाचेतून पुढच्या खाचेपर्यंत जाईपर्यंत आधीचा जॉ तेवढा आत गेलेला असतो. जॉच्या मध्याकडच्या टोकापासून पहिल्या दातापर्यंतचं अंतर मोजा. सर्वांत कमी अंतर ज्याचं, तो एक नंबर. पिच ९ असेल तर २ नंबरचं अंतर ३ मिमीने जास्त आणि ३ नंबरचं ६ मिमीने. तुमच्या दोन जॉमध्ये दोन तृतीयांश पिचचा फरक आला तर आकडे खरे आहेत आणि गेलेला जॉ दोन नंबरचा आहे. एक तृतीयांशच आला तर कुणी तरी आकडे चुकीचे ठोकलेत किंवा जॉ वेगवेगळ्या संचांतले आहेत.

एकच जॉ मिळाला तर चालेल का? बसेल, पण ट्रू, म्हणजे जॉब नेमका मध्यावर फिरेल असा, धरणार नाही. जुने दोन जॉ वर्षानुवर्षं घासलेले आणि कदाचित एकदा-दोनदा ग्राइंड केलेले असतात. नवा जॉ त्यांच्यापेक्षा लांब पडतो. ग्राइंड करून तिन्ही सारखे करता येतात, पण नव्याचे दात घट्ट आणि जुन्यांचे सैल हा फरक राहतोच. माझा सल्ला पूर्ण तीनचा संच घेण्याचा आहे.

शोध कुठे घ्यायचा? चक जीएमटीचा किंवा दुसऱ्या चालू कंपनीचा निघाला तर त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडे मॉडेल आणि मापं पाठवा. चालू मॉडेलचे हार्ड आणि सॉफ्ट (कापून आकार देता येणारे) दोन्ही जॉ मागवता येतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर टूल्सची दुकानं दाटीने आहेत, तिथे जाताना जुना जॉ खिशात घेऊनच जा. भोसरी, कोल्हापूरचं उद्यमनगर, नाशिकचं सातपूर इथल्या जुन्या मशीनवाल्यांकडे नुसते जॉ पोत्याने पडलेले असतात. तिथे मी आधी गाळ्याची रुंदी आणि पाच दातांवरचं माप बघतो, बाकी सगळं नंतर. कधी कधी तसाच मोडका चक पूर्ण मिळतो, बॉडी फुटलेली पण जॉ चांगले. तो घेणं सर्वांत स्वस्त पडतं.

के११ चक असेल तर ऑनलाइन संच घ्यायला हरकत नाही, पण विकणाऱ्याकडून तीन मापं लेखी घ्या: जॉची रुंदी, गाळ्याची रुंदी, आणि दातांचा पिच. के११ नाव सारखं असलं तरी बनवणारे कारखाने अनेक आहेत आणि गाळ्यात फरक पडतो. ‘सगळ्या ८ इंचीला बसतो’ असं उत्तर आलं तर तिथून घेऊ नका.

तुमचे जॉ दोन तुकड्यांचे, म्हणजे खाली बेस आणि वर बोल्टने बसणारा टॉप जॉ असे असते, तर काम फार सोपं होतं. टॉप जॉ फिरवून उलटा लावता येतो आणि नवा घेताना फक्त किल्लीची (बेस आणि टॉप जॉमधल्या चौकोनी पट्टीची) रुंदी, बोल्टांचं अंतर आणि बोल्टचा साइज जुळवायचा. सीएनसीच्या पॉवर चकवर मात्र सेरेशन (बेसवरच्या बारीक दात्यांचं माप) बघावं लागतं. १.५ मिमी ६० अंश आणि सोळांश इंच ९० अंश हे दिसायला जवळजवळ सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत.

बाजारात काहीच जुळलं नाही तर बनवून घेणं हा मार्ग आहे. दात व्हीएमसीवर (सीएनसी मिलिंग मशीनवर) लहान एंड मिलने काढता येतात. वायरकट इथे उपयोगी नाही, कारण दात जॉच्या अंगाला चिकटलेले असतात, वायर आरपार जायला वाटच नाही. फक्त ठसा आणि जुना जॉ दिला तर ड्रॉइंगमध्ये दाताची गोलाई चुकते. स्क्रोलचा आतला आणि बाहेरचा व्यासही द्या. मटेरियलचं दोन प्रकारे ठरवा. हार्ड जॉ हवेत तर २० एमएनसीआर ५ सारखं केस हार्डनिंग स्टील, साधारण ५८ एचआरसीपर्यंत (कडकपणाचं माप), आणि गाळ्यावर व कुशींवर ०.२ ते ०.३ मिमी ग्राइंडिंगला ठेवून. हार्डनिंगमध्ये जॉ थोडा वाकतोच, माल न ठेवता फिनिश करून दिला तर खाचेत अडकतो. तुमचं काम एकसारख्या व्यासाचं किंवा फिनिश झालेल्या जॉबचं असेल तर ईएन १९ चे टफन केलेले, कापता येतील एवढेच कडक जॉ बनवा आणि चकमध्येच बोअर करा. माझ्या मते छोट्या वर्कशॉपला हेच परवडतं: बनवल्यावर हीट ट्रीटमेंटचा त्रास नाही, ग्राइंडर लागत नाही आणि ट्रू हार्ड जॉपेक्षा चांगला मिळतो. झिजले की पुन्हा बोअर.

संच आला की बसवताना आधी बर, म्हणजे कडांवर राहिलेली धार, काढा. स्क्रोलचं टोक एक नंबरच्या खाचेत दिसेपर्यंत चावी फिरवा, किंचित मागे घ्या, एक नंबर घाला, चावी फिरवून पकडू द्या, मग दोन, मग तीन. जॉ हाताने सरकेल पण डुलणार नाही असा हवा. खाचेच्या कुशीत ०.०५ मिमीचा फीलर (मोजायची पातळ पट्टी) सहज जात असेल तर फिट सैल आहे. घट्ट असेल तर घासायचा तो जॉ, बॉडी नाही. बॉडीला कानस लावली तर पुढचा कोणताही संच तिच्यात नीट बसणार नाही.

मग २५ किंवा ३० मिमीचा ग्राइंड केलेला बार धरा आणि डायल लावा. साध्या नव्या ८ इंची चककडून ०.०५ ते ०.०८ मिमी रनआउटची (फिरताना बार जेवढा डुलतो त्याची) अपेक्षा ठेवावी. त्याहून जास्त आलं तर आधी बॅकप्लेटची बैठक आणि पाठ तपासा. खालची चूक जॉ ग्राइंड करून झाकू नका. दुसरी तपासणी कागदाची: जॉच्या पुढच्या टोकाशी आणि मागच्या टोकाशी कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवून बार धरा. मागची पट्टी घट्ट आणि पुढची सहज ओढली गेली तर जॉ तोंडाशी उघडे आहेत. असा चक डायलवर चांगला दिसतो आणि कट घेताना जॉब हलतो.

ग्राइंड करायचेच असतील तर जॉवर जॉब धरल्यासारखा भार असायला हवा, मोकळे जॉ ग्राइंड करून काही उपयोग नाही. ६ ते ८ मिमी जाड प्लेटची चकती घ्या, मध्ये भोक आणि तीन बाजूंना असे कट की जॉचा पकडीचा भाग पूर्ण मोकळा राहील आणि चकती जॉच्या टोकाच्या दोन उतरत्या कडांवर दाबली जाईल. ती जॉच्या अगदी पुढच्या टोकाला धरून आवळा. टूलपोस्ट ग्राइंडर, चक सावकाश आणि स्पर्शाच्या जागी चाकाच्या उलट दिशेने, एका फेरीत ०.०१ मिमी, ठिणगी बंद होईपर्यंत. बेडवर ओलं कापड टाका आणि काम झाल्यावर चक उघडून स्क्रोल धुवा. ग्रिट स्क्रोलमध्ये राहिली तर तुम्ही नवे जॉच झिजवाल. धुतल्यावर पातळ तेल लावा, घट्ट ग्रीस नको, त्यात चुरा अडकून बसतो. आणि लक्षात असू द्या, ज्या व्यासावर ग्राइंड केलं तिथे ट्रू मिळेल. स्क्रोल असमान झिजलेला असल्याने दुसऱ्या व्यासावर पुन्हा थोडं आउट येईल.

हे सगळं कधी करू नये? खाच तोंडाशी फाकलेली असेल, स्क्रोलचे कंगोरे धारदार पात्यासारखे झिजले असतील किंवा बॉडीला खाचेच्या कोपऱ्यात चीर असेल तर जॉवर खर्च करू नका. खडूची पूड आणि रॉकेल लावून चीर तपासा: रॉकेल लावा, पुसा, खडू फासा, थोड्या वेळाने रेघ उमटते का बघा. चीर दिसली तर तो चक भंगारात. नवा घेताना स्पिंडल नोज (लेथच्या स्पिंडलचं चक बसतो ते टोक) बघा. थ्रेडचं असेल तर थ्रेडचा व्यास, पिच आणि मागच्या बैठकीचं माप लागेल. कॅमलॉक (टेपर आणि पिनांनी चक अडकवायची पद्धत) असेल तर टेपरच्या मोठ्या टोकाचा व्यास, मिमीत: ६३.५ म्हणजे डी१-४, ८२.५६ म्हणजे डी१-५, १०६.३८ म्हणजे डी१-६. जुनी बॅकप्लेट चांगली असेल तर तीच नव्या चकच्या बैठकीला तुमच्याच लेथवर टर्न करून घ्या.

विक्रेत्याला पाठवायचा मजकूर असा लिहा: ‘थ्री जॉ, अखंड जॉ, व्यास २०० मिमी, खाचेची रुंदी इतकी, कडेची जाडी इतकी, कडांमधलं अंतर इतकं, चार पिच मिळून इतके, स्क्रोल घड्याळाच्या दिशेने फिरल्यावर जॉ आत किंवा बाहेर, पाठीमागची बैठक आणि पीसीडी इतकं. सरळ संच हवा, उलटा असल्यास त्याचीही किंमत सांगा.’ सोबत खाचेचा सरळ वरून फोटो, जॉच्या दातांचा फोटो आणि दोन्हींत शेजारी स्टीलची पट्टी. हीच मापं इथे टाकलीत तर पिच आणि बैठकीवरून चक कोणत्या घराण्यातला आहे ते बघून सांगतो.